साधारण आणि असाधारण

१९६३ हे साल फुफ्फुसांच्या वैद्यकीय इतिहासात दोन मृत्यूंमुळे लक्षात राहिले आहे. त्या वर्षी ११ जून रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, जॅक्सन येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात, डॉ. जेम्स हार्डी यांनी मानवी फुफ्फुसाचे पहिले प्रत्यारोपण केले. रुग्ण जन्मठेपेची शिक्षा भोगणारा कैदी होता. शस्त्रक्रियेनंतर तो १८ दिवस जगला. पुढे दोन महिन्यांच्या आत, ७ ऑगस्ट रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना पुत्र झाला. त्याचे नाव पॅट्रिक. तो साडेपाच आठवडे आधी जन्माला आला होता आणि त्याचे वजन दोन किलोंहून थोडेसेच अधिक होते. त्याला श्वास घेणे जड जात असल्याचे दिसताच लष्करी तळावरील धर्मगुरूंनी त्याला स्नानसंस्कार दिला. त्यानंतर बॉस्टनच्या बालरुग्णालयात त्याला उच्च दाबाच्या प्राणवायूच्या कोठीत ठेवण्यात आले. ३९ तासांचे आयुष्य संपवून ते बालक देवाघरी गेले. ज्याच्या एका शब्दावर सैन्ये हलत होती, त्या पित्याला आपल्या मुलासाठी आणखी एक दिवस मिळवता आला नाही.

त्या मृत्यूचे कारण शास्त्राला ठाऊक होते. चार वर्षे आधी, १९५९ मध्ये, डॉ. मेरी एलन एव्हरी आणि डॉ. जेरे मीड यांनी दाखवून दिले होते की, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसांत वायुकोश उघडे ठेवणाऱ्या सरफॅक्टंट या द्रव्याची उणीव असते. त्यामुळे प्रत्येक उच्छ्वासाबरोबर वायुकोश मिटतात आणि पुढचा प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा होतो. कारण कळले होते. उपाय हाती नव्हता. तो एकेका पावलाने आला. १९७१ मध्ये डॉ. जॉर्ज ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाच्या श्वासमार्गात सतत हलका दाब ठेवण्याची पद्धत मांडली. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी वेळेआधी प्रसूत होऊ घातलेल्या मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुफ्फुसे लवकर तयार होतात, हे सिद्ध केले. १९८० मध्ये जपानचे डॉ. फुजिवारा यांनी सरफॅक्टंटच बाळाच्या फुफ्फुसांत सोडून दाखविले. आज पॅट्रिकएवढे बाळ वाचावे, ही अपेक्षा आपण आपल्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु कक्षाकडूनही बाळगतो.

जे राष्ट्राध्यक्षाच्या मुलाला लाभले नाही, ते काही दशकांत शेतमजुराच्या मुलाचा हक्क होऊ शकते. असे असेल तर जीव वाचविण्यासाठी माणसाने कोठवर जावे, या जुन्या नैतिक प्रश्नाचे उत्तर कायमचे देऊन ठेवता येईल का? हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला, त्याहून अधिक माझ्याच एका चुकीतून आला. म्हणून तो येथे मांडतो.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला ‘साधारण उपाय’ आणि ‘असाधारण उपाय’ हा भेद शिकविला गेला. जीव ही परमेश्वराची ठेव आहे. ती जपण्यासाठी साधारण उपाय योजणे हे प्रत्येकाचे कर्तव्य. असाधारण उपाय योजण्याची मुभा आहे, सक्ती नाही. या विचाराची मुळे जुनी आहेत. सोळाव्या शतकात सालामांका येथे अध्यापन करणारे डॉमिनिकन पंडित फ्रान्सिस्को द व्हिटोरिया यांनी तो अन्नाच्या संदर्भात मांडला होता. कोंबडी आणि तित्तिर खाल्ल्यास आयुष्य वीस वर्षांनी वाढेल असे वैद्याने सांगितले, तरी गरिबाने त्यासाठी स्वतःला विकून घ्यावे असे नाही. लोक सर्वसाधारणपणे जे खातात ते त्याने खाल्ले, तर तो आत्महत्येचा दोषी ठरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पुढे कृत्रिम श्वसनाची यंत्रे आली, तेव्हा २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना हाच भेद नव्या काळाला लावला. कोणता उपाय साधारण, हे व्यक्ती, स्थळ, काळ आणि परिस्थिती पाहून ठरते; स्वतःवर वा दुसऱ्यावर फार मोठा भार टाकणारा उपाय बंधनकारक नसतो, असे त्यांनी सांगितले. १९८० मध्ये रोमच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने त्यात भर घालून उपचार आणि त्यापासून मिळणारे फळ यांचे प्रमाण पाहावयास सांगितले.

हे सारे मला पाठ होते. परीक्षेत त्याला चांगले गुणही मिळाले होते.

गुरुदीक्षा होऊन मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. एका धर्मग्रामात मी सहायक धर्मगुरू होतो. भाजीचा मळा पिकवून त्यावर गुजराण करणारे एक तरुण जोडपे होते. त्यांचे पहिले मूल सातव्या महिन्यात जन्मले, आणि शहरातील एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर होते. बाराव्या की तेराव्या दिवशी तो बाप पाद्रीवाड्यात आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, “फादर, डॉक्टर म्हणतात, मेंदूत रक्तस्राव झालाय, आशा नाही. यंत्र ठेवायचं की काढायचं, तुम्ही ठरवा म्हणतात. आम्ही काय करायचं?” मी त्याला बस म्हणालो नाही. डॉक्टर नेमके काय म्हणाले, हे विचारले नाही. “जीव देवाचा आहे. यंत्र काढू नका. करता येईल ते सर्व करा,” असे मी सांगितले. त्याने मान हलविली आणि तो गेला. त्या आठवड्यात त्याने मळ्याचा रस्त्याकडचा तुकडा गहाण टाकला. एकोणिसाव्या दिवशी बाळ गेले.

दफनविधीनंतर काही दिवसांनी मी त्यांच्या घरी प्रार्थनेला गेलो. ती माऊली मला म्हणाली, “फादर, एकोणीस दिवसांत मला तिला एकदाही मांडीवर घेता आलं नाही. दर तीन तासांनी मी दूध काढायचे आणि नर्स ते बेसिनमध्ये ओतायची. मला म्हणायच्या, काढत राहा, नाहीतर आटेल. कुणासाठी काढत होते मी?”

तिच्या स्वरात माझ्यावर ठपका नव्हता. त्यामुळेच ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. मला भेद पाठ होता, आणि तो ज्या माणसांसाठी आहे त्यांना मी तो सांगितला नव्हता. भीतीपोटी मी अधिकात अधिक ते सांगून मोकळा झालो होतो. ज्याचा भार मला उचलावयाचा नव्हता, ते मी त्यांच्यावर कर्तव्य म्हणून लादले होते.

त्यानंतर नवजात बालकांच्या शुश्रूषेविषयी जे वाचावयास मिळे ते मी वाचू लागलो, आणि एक गोष्ट ध्यानात आली. या क्षेत्रातील संशोधन नवी यंत्रे शोधते, तसेच कित्येकदा ते माणसाला जुन्या, साध्या गोष्टींकडे परत आणते. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या आणि बाळे संसर्गाने दगावत होती. त्यांनी बाळांना मातांच्या उघड्या छातीशी बांधावयास सुरुवात केली. हा गरिबांचा नाइलाज म्हणून लोक पाहत होते. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांत ३,२११ कमी वजनाच्या बाळांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच अतिदक्षता विभागातच ज्यांना आईच्या छातीशी ठेवले, त्यांच्यात २८ दिवसांच्या आतील मृत्यूंचे प्रमाण १२ टक्के होते. नेहमीच्या पद्धतीने काचपेटीत ठेवलेल्यांत ते १५.७ टक्के होते. अतिदक्षता विभागाच्या दारातच आईला थांबविण्याची जी रीत होती, तिलाच या अभ्यासाने प्रश्न विचारला.

दुधाचीही तीच कथा. १९९० मध्ये इंग्लंडमधील लुकास आणि कोल यांनी ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आतड्याचा भाग कुजविणारा एक जीवघेणा विकार, केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांपेक्षा केवळ डब्याच्या दुधावर असलेल्यांत सहा ते दहा पटींनी अधिक आढळला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८९ मध्ये, मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्या मातेला दूध अधिक आहे तिने ते द्यावे, ते ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करावे आणि जिची आई आजारी आहे वा देवाघरी गेली आहे अशा बाळाला ते पाजावे, इतकी ती साधी योजना. बेसिनमध्ये ओतल्या गेलेल्या त्या दुधाची मला त्या पेढीविषयी वाचताना आठवण झाली. “कुणासाठी?” या त्या माऊलीच्या प्रश्नाला एक उत्तर आपल्याच प्रांतात, काही मैलांवर, दहा वर्षे अस्तित्वात होते. ते तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते.

अधिक करणे म्हणजे अधिक प्रेम करणे, हा माझा तरुणपणीचा समज होता. त्यालाही संशोधनानेच धक्का दिला. गंभीर आजारी मूल जेवू शकत नाही, तेव्हा शिरेवाटे पोषण लवकरात लवकर पुरे करावे, असे डॉक्टर वर्षानुवर्षे मानीत आले. बेल्जियम, नेदरलँड्स आणि कॅनडा येथील १,४४० मुलांवर केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला पहिल्याच दिवशी शिरेवाटे पोषण सुरू केले. दुसऱ्याला पहिला आठवडा ते दिले नाही, पोटात नळीने जेवढे पचेल तेवढेच दिले. नवे संसर्ग पहिल्या गटात १८.५ टक्के मुलांना झाले, दुसऱ्यात १०.७ टक्के मुलांना. दुसऱ्या गटातील मुले लवकर बाहेरही पडली. ज्यांनी मुलांना भरविण्याची घाई केली त्यांचा हेतू चांगलाच होता. तरी कोठे थांबावे हे कळणे हाही सेवेचाच भाग आहे, हे त्यांना मोजून पाहिल्यावर कळले. मीही मोजून पाहावयास हवे होते. निदान विचारावयास हवे होते.

अलीकडे तोच प्रश्न दुसऱ्या रूपाने माझ्या दाराशी आला. नऊ वर्षांची एक मुलगी. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढत जाणारा तिचा आजार. औषधे पुरी पडेनाशी झाली, तेव्हा फुफ्फुस प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवावे असा सल्ला मिळाला. आई-वडील आले. या वेळी मी त्यांना बसविले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी काही लपविले नाही. जॅक्सनच्या त्या प्रयोगानंतर वीस वर्षे गेली, तेव्हा १९८३ मध्ये टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर यांनी केलेले प्रत्यारोपण प्रथमच टिकले आणि तो रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला. मुलांमधील शस्त्रक्रिया आजही विरळाच आहेत. जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तरी वर्षाला सुमारे शंभर. फुफ्फुसांचा संबंध प्रत्येक श्वासागणिक बाहेरच्या हवेशी येतो, म्हणून संसर्गाचे आणि शरीराने ते फुफ्फुस नाकारण्याचे भय इतर अवयवांपेक्षा अधिक. आयुष्यभर औषधे. इतके सारे करून सुमारे पाच ते सहा वर्षांनंतर निम्मी मुले हयात असतात. खर्च त्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. धाकट्या मुलाचे शिक्षण आणि राहते घर, दोन्ही पणाला लागणार होते.

परतीच्या वाटेवर वडिलांनी विचारले, “फादर, नाही म्हटलं तर पाप लागेल का?” मी सांगितले, “नाही. तुम्ही तिला औषध द्याल, जेऊ घालाल, जवळ घ्याल, हे तुमचं कर्तव्य. त्यापुढचं तुम्ही करू शकता. न केल्यास देव तुम्हांला दोषी धरणार नाही.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आता नीट विचार करता येईल.” पंधरा दिवसांनी त्यांनी मुलीचे नाव नोंदविले. घर विकावयाचे नाही, एवढी मर्यादा त्यांनी घालून घेतली. उरलेला भार उचलण्यास धर्मग्रामातील काही जण आणि एक धर्मादाय संस्था पुढे आली. दुसऱ्या एखाद्या जोडप्याने नोंदविले नसते, तर तेही तितकेच निर्दोष राहिले असते. पापाच्या धाकाने घेतलेला निर्णय आणि मोकळ्या मनाने घेतलेला निर्णय, दोन्ही बाहेरून एकसारखे दिसतील. दुःखाचा दिवस आलाच, तर त्यांतला फरक ध्यानी येतो.

आईचा प्रश्न मात्र वेगळा होता. “फादर, तिला फुफ्फुस मिळू दे म्हणून मी प्रार्थना करते, म्हणजे दुसऱ्या कुणाचं मूल मरू दे म्हणूनच ना?” या प्रश्नापुढे मी क्षणभर निरुत्तर झालो. नंतर म्हणालो, “तो मृत्यू तुमच्या प्रार्थनेनं येणार नाही आणि तुमच्या मौनानं टळणार नाही. त्या मुलाच्या रक्षणासाठीही प्रार्थना करा. आणि इतकं करून तो दिवस कुणा आई-बापांवर आलाच, तर त्या घटकेला त्यांचं मन दुसऱ्याच्या मुलासाठी उघडं राहू दे, असं मागा.” ती आता तसेच मागते. आपले कुटुंब अशा प्रसंगी काय करील, हाही प्रश्न त्या घरात आता उघडपणे बोलला जातो.

येथे न्यायाचाही प्रश्न येतो. मिळालेले फुफ्फुस एकच, आणि वाट पाहणारे अनेक. मग ते कोणाला? २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे प्रत्यारोपणतज्ज्ञांपुढे बोलताना पोप दुसरे जॉन पॉल यांनी सांगितले की, वय, वंश, धर्म, सामाजिक स्थान किंवा समाजाला होणारा उपयोग पाहून अवयव वाटू नयेत. वैद्यकीय निकष पाहावेत. तत्त्व स्पष्ट आहे, आचरण अवघड. अमेरिकेत बारा वर्षांखालील मुलांना प्रौढांची फुफ्फुसे प्रौढ रुग्णांच्या नंतरच देऊ करण्याचा नियम होता. २०१३ मध्ये फिलाडेल्फियातील दहा वर्षांच्या एका मुलीच्या पालकांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. न्यायाधीशांनी नियम तात्पुरता बाजूला ठेवावयास सांगितले, तिला प्रौढांची फुफ्फुसे मिळाली, पहिली निकामी ठरली, तीन दिवसांत दुसरी बसविण्यात आली, आणि ती वाचली. तिच्यापुढे उभे असलेले, नाव नसलेले रुग्ण कोणत्याही वर्तमानपत्रात आले नाहीत. नियम सदोष होता, असे मला वाटते; पुढच्या वर्षी तशा मुलांसाठी अपवादाची वाट कायम खुली करण्यात आली. तरी ज्याला आवाज आहे त्याचेच दुःख आपल्याला दिसते, ही सावधगिरी त्या प्रसंगाने मला शिकविली.

म्हणून काही जण विचारतात, एका मुलाच्या फुफ्फुसांवर एवढा पैसा ओतण्याऐवजी हजार बाळांना दूध आणि ऊब का देऊ नये? या हिशेबात तथ्य आहे, आणि एक धोकाही. आज असाधारण असलेल्या उपायावर कोणीच कष्ट घेतले नाहीत, तर तो उद्याही असाधारणच राहील. पॅट्रिकच्या मृत्यूनंतर त्या कष्टांना जोर आला, म्हणून आज आपल्या तालुक्यातील बाळे वाचतात. तेव्हा संशोधन थांबवा, असे मी म्हणणार नाही. पण पालकांवर जो उपाय बंधनकारक नाही, तो सर्वांना साधारण व्हावा म्हणून झटणे समाजावर बंधनकारक आहे, आणि जे केव्हाच साधारण झाले आहे, ते गरिबाला असाधारण राहिले तर तो दोष समाजाचाच. दूध, ऊब, आईला आत येऊ देणारे दार, ही कोणत्याही रुग्णालयात वा कोणत्याही धर्मग्रामात चैन म्हणून गणली जाता कामा नये. आमच्या धर्मग्रामातील स्त्रियांच्या गटाला मी हेच सांगत असतो. शहरातील दुग्धपेढीची माहिती प्रत्येक गरोदर मातेला आधीच सांगितली जाते. काम लहान आहे. ते वीस वर्षे उशिरा सुरू झाले, याची मला जाणीव आहे.

मार्क यांच्या शुभवर्तमानात याइराच्या मुलीची कथा आहे. ती बारा वर्षांची होती. घरी रडारड सुरू झाली होती, सर्वांनी आशा सोडली होती. प्रभू येशूने आई-वडिलांना आत घेतले, इतरांना बाहेर ठेवले, मुलीचा हात धरला आणि तिला उठविले. असाधारण ते त्याने स्वतःकडे घेतले. त्यानंतर, सर्व जण थक्क होऊन उभे असता, तिला काही खावयास द्या, असे त्याने घरच्यांना सांगितले. सेमिनरीत ही कथा अनेकदा वाचूनही ते शेवटचे सांगणे माझ्या कानांवरून गेले होते. त्या मळ्यातील जोडप्याच्या घरी मी दरवर्षी बाळाच्या मृत्युदिनी जातो. पहिल्या वर्षी मी मिस्साविधीत याच कथेवर बोललो. विधीनंतर त्या माऊलीने सर्वांना चहा दिला, आणि माझ्या हातात कप देताना ती म्हणाली, “फादर, त्यांनी आईला आत घेतलं होतं.”